दीडशे वॉटची ऊब

११ जानेवारी १९८७
आजपासून रोजनिशी. वर्षाचे पहिले दहा दिवस गाळले, कारण त्या दिवसांत मी कारखान्यात होतो आणि कारखान्यातल्या दिवसांची नोंद ठेवण्यात अर्थ नाही. काल राजीनामा दिला. तसं बघितलं तर सुपरवायझरनं आधी गेटपास काढून घेतला आणि मग मी राजीनामा दिला. पण महत्त्व भावनेला असतं.
पिरंगुटच्या त्या स्टोअरमध्ये इतकी वर्षं फ्यूज, होल्डर, वायरी काढून दिल्या. वस्तू काढून देणाऱ्याला वीज कळत नाही, असा तिथल्या लोकांचा समज. इलेक्ट्रिकलचा पोस्टानं येणारा कोर्स मी बारापैकी सात धड्यांपर्यंत पूर्ण केला आहे, हे त्यांना कुठं माहीत? उरलेले पाच धडे उजळणीचेच असणार.
दारावर पाटी लावली. 'ताजुद्दीन आतार, इलेक्ट्रिकल कन्सल्टंट, पौड.' आबेदानं विचारलं, कन्सल्टंट म्हणजे काय करणार? म्हटलं, सल्ला देणार. ती म्हणाली, कुणाला?
बायकोला प्रश्न फार पडतात. 

१५ जानेवारी
सल्ला मागायला अजून कुणी आलं नाही. लोकांना पाटी दिसायला वेळ लागतो.
संध्याकाळी मीटर लावून घरातलं व्होल्टेज मोजलं. (मीटर कारखान्याचा. त्यांनी परत मागितलेला नाही.) दीडशे. असायला पाहिजे दोनशे तीस, आहे दीडशे! म्हणून बल्ब लावला की आत नुसती लाल तार दिसते, बिडीच्या टोकासारखी. अख्ख्या पौडनं हे गप्प बसून सोसलं. मी सोसणार नाही. वीज ऑफिसला नव्या डीपीसाठी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरसाठी, कडक अर्ज लिहिला. खाली 'कन्सल्टंट' लिहून सही केली. वायरमन नथू अर्ज घेऊन गेला. म्हणाला, ताजूभाई, तुमचं अक्षर लई झ्याक हाय.

२० जानेवारी
सध्या घर आबेदाच्या कोंबड्यांवर चाललं आहे. तात्पुरतं.
तिची पद्धत अशी. वरच्या डोंगरवाडीची तानुबाई पाटीत भाताचं तूस घालून त्यात वाडीतल्या बायकांची गावरान अंडी आणते. आबेदा ती आपल्या सहा खुडूक कोंबड्यांखाली ठेवते. एकवीस दिवसांनी पिल्लं. निम्मी वाडीला, निम्मी आबेदाला. लग्नाला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून हेच चाललंय. एक कोंबडी डझनभर अंड्यांवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोचते. ह्याला आपण विसाव्या शतकात व्यवसाय म्हणतो!
दुपारी पडल्या पडल्या विचार आला. कोंबडी देते काय? ऊब. ऊब म्हणजे काय? वॉट. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. धडा चौथा.
उठून बसलो. इतकं सोपं होतं.

२४ जानेवारी
आबेदाचं कपाट घेतलं. सागवानी आहे, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. ऊब धरून ठेवायला साग उत्तम. आतले तिचे कपडे गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकले. फळ्यांना जाळी ठोकली, मागच्या बाजूला हवेसाठी चार भोकं पाडली. ती म्हणाली, मला आधी सांगायचं तरी. म्हटलं, सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.
ती गप्प बसली. म्हणजे पटलं.

२९ जानेवारी
आज हिशोब पूर्ण झाला. कागदावर इतका देखणा हिशोब मी यापूर्वी पाहिला नाही. शेगडीच्या तीन कॉइली एकामागे एक जोडल्या, थोडी तार तोडली आणि मीटर लावला. व्होल्टेज दीडशे. करंट बरोबर एक अँपिअर. व्होल्ट भागिले अँपिअर, म्हणजे रेझिस्टन्स दीडशे ओहम. व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे पॉवर दीडशे वॉट. तिन्ही ठिकाणी दीडशे! हा योगायोग नाही, ही खूण आहे.
आबेदाला बोलावून कागद दाखवला. पोळी करपेल म्हणून परत गेली.

२ फेब्रुवारी
कपाट रात्रभर चालवून बघितलं. आत ताप मोजायचा थर्मामीटर ठेवला. सकाळी शंभर. कोंबडीच्या पोटाखाली असतो तेवढाच. दुपारी शंभर. संध्याकाळी शंभर. केसाएवढाही फरक नाही! आबेदा म्हणाली, तो थर्मामीटर झटकल्याशिवाय खाली उतरत नाही. तिनं झटकला, परत ठेवला. तरी शंभर. मी नुसतं तिच्याकडे बघितलं.
परवा पुण्यात एका दुकानदारानं सांगितलं होतं की थर्मोस्टॅट बसवा, तापलं की आपोआप बंद होतं. ज्याला गणित येत नाही त्यानं कुबड्या घ्याव्यात. माझ्या कपाटात दीडशे वॉट जातात म्हणजे दीडशेच जाणार. ओहमचा नियम हाच माझा थर्मोस्टॅट.
रात्री जेवताना आबेदाचा प्रश्न. अंडी तापली की कोंबडी आपण होऊन उठते, चारा खाऊन येते. तुमच्या कपाटाला कसं कळणार? हसू आलं. कपाट चारा खात नाही.

७ फेब्रुवारी
तानुबाई अंडी देऊन गेली. दोनशेच्या वर. वाडीतल्या सगळ्या घरांनी दिली, कारण एरवी एवढी अंडी बसवायला कोंबड्याच नसतात. तिला कपाट दाखवलं. आत हात घालून म्हणाली, आगं बया, पोटासारकं गरम हाय! मग आबेदाला म्हणाली, भाबी, आमचं समदं तुज्या हवाली बग.
वास्तविक माझ्या हवाली म्हणायला पाहिजे होतं.
उद्या उद्घाटन. कारखान्यातले चौघे आणि नथू, एवढ्यांना जेवायला बोलावलं आहे. कारखानेवाल्यांना मुद्दाम. आबेदा बाजाराला गेली असताना सहाही खुडूक कोंबड्या बिस्मिल्ला करून कापल्या. आता त्यांचं काम कपाट करणार. काम नसलेल्या नोकराला पोसायचं नाही, हे कारखान्यात शिकलो. एक काळी-पांढरी फारच टोचली. अंगठ्याला पट्टी बांधून लिहितो आहे.

८ फेब्रुवारी
उद्घाटन थाटात. सकाळी अंडी आत, स्विच ऑन.
आबेदानं रस्सा फर्मास केला. काल बाजारातून आल्यावर ती रिकाम्या डालग्यांसमोर बराच वेळ बसली होती. मग मसाला वाटायला घेतला. आज स्वतः जेवली नाही, पोट ठीक नाही म्हणाली. काळ्या-पांढरीचं नाव म्हणे 'बेगम' होतं. कोंबड्यांना नावं ठेवली की असं होतं.
कारखान्यातल्या चौघांपैकी कुणी आलं नाही. जळतात. मी आणि नथूनं सगळं संपवलं.

१२ फेब्रुवारी
सगळं सुरळीत. अंडी दिवसातून तीनदा फिरवावी लागतात, ते खातं आबेदाकडे दिलं आहे. पाण्याची परात भरायची, तेही. थर्मामीटर झटकून बघायचा, तेही. माझं काम देखरेखीचं.

१५ फेब्रुवारी
आबेदानं एक अंडं बॅटरीसमोर धरून दाखवलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काहीतरी हलत होतं. मग तिनं बरीच अंडी तपासली. म्हणाली, कोंबडीखाली एवढी कधीच धरत नाहीत. तीच अंडी तिनं परत परत बॅटरीसमोर धरली. मला वाटलं मोजणी चुकली.
झोपताना ती बोलत राहिली. मागच्या परसात जाळी मारून मोठं खुराडं करू. वाडीतल्या बायकांना दर महिन्याला पिल्लं देऊ. तानुबाईच्या सुनेला दुसऱ्याच्या भातात लावणीला जावं लागणार नाही. तुमचं डोकं खरंच चालतं हो, असंही म्हणाली. नऊ वर्षांत तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.
पुढचं आठवत नाही, डोळा लागला.

१८ फेब्रुवारी
विजय! माझ्या अर्जाला यश! नवी डीपी आली. ट्रकमधून उतरवताना नथूनं मला मुद्दाम बोलावून नेलं. परवा शुक्रवारी चालू होणार. छोटा कार्यक्रम आहे, मला नारळ देणार आहेत. नथू म्हणाला, आता लई दाबून व्होल्टेज येनार ताजूभाई, दोनशे तीस. पंखे-बिंखे जपा.
घरी येऊन लगेच कागद घेतला. गाफील राहणारे वेगळे. नवं व्होल्टेज दोनशे तीस. करंट एक अँपिअर, मी स्वतः मोजलेला. दोनशे तीस गुणिले एक, म्हणजे दोनशे तीस वॉट. आधी होते दीडशे. म्हणजे ऊब दीडपट होणार. उपाय सोपा. मागची भोकं दीडपट करायची. चार होती, सहा केली.
पाच मिनिटांत प्रश्न मिटला. ह्यालाच इंजिनियरिंग म्हणतात.

१९ फेब्रुवारी
घोटावड्याहून निरोप आला. सासरे मौलाचाचा आजारी. आबेदा संध्याकाळच्या एसटीनं गेली. जाताना चारदा सांगितलं, घडीघडीला दार उघडून आत हात घाला, जास्त लागलं तर बंद करा. म्हटलं, बरं. दार उघडलं की आतला हिशोब बिघडतो हे तिला समजावण्यात वेळ घालवला नाही.

२० फेब्रुवारी, जुम्मा
दुपारची नमाज झाल्यावर डीपी चालू झाली. फीत, हार, पेढे. माझ्या हातात नारळ दिला. नाव पुकारताना 'ताजुद्दीन आत्तर' म्हणाले, असो. भाषणही केलं. व्होल्टेजचं महत्त्व सांगितलं. लोक उन्हातून हळूहळू सावलीकडे सरकले, पण ऐकत होते.
संध्याकाळी बाजारपेठेत सगळे बल्ब पांढरेफेक! म्हातारी माणसं दारात येऊन डोळ्यांवर हात धरून बघत होती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालत गेलो.
घरी येऊन अंथरुणावर पडून पेपर वाचला. अक्षर अन् अक्षर दिसतं. कपाटाला बाहेरून हात लावला. चांगलं ऊबदार. सहा भोकं आपलं काम करतायत. लवकर झोपतो.

२१ फेब्रुवारी
सकाळी वासानं जाग आली.

(त्याच दिवशी, नंतर)
शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.
दार उघडल्यावर आतून झळ आली. परात कोरडी. थर्मामीटर फुटला होता, पारा जाळीवर सांडलेला. एक अंडं हातात धरवेना इतकं गरम. फडक्यात धरून फोडलं. दुसरं फोडलं नाही.
स्विच बंद केला. आता त्याचा उपयोग नव्हता, पण शिस्त.
खालच्या फळीवरची वाचली असतील, उष्णता वर जाते, असा विचार चालू असतानाच आबेदा पहिल्या एसटीनं आली. सासऱ्यांचा ताप उतरला आहे. पिशवीतून तिनं पिल्लांसाठी माहेरच्या कण्या आणल्या होत्या. दारातच थांबली. वास तिलाही आला.
मी म्हणालो, हे बघ, टेक्निकल आहे.
ती कपाटाशी गेली. प्रत्येक अंडं उचलून कानाला लावत होती, मग फोडत होती. मी म्हणालो, वरची तर नक्कीच गेलीत, खालची बघ. तिनं सगळीच बघितली. आत पिसांची सुरुवात झालेली होती. दुपार झाली तरी तिचं चाललंच होतं. चहा मीच करून घेतला.

२२ फेब्रुवारी
चूक सापडली! मनावरचं मोठं ओझं उतरलं.
मीटर लावून बघितला. करंट एक नाही, दीडच्या वर आहे. म्हणजे व्होल्टेज वाढलं की करंट बसून राहत नाही, तोही वाढतो. कायम राहतो तो रेझिस्टन्स, दीडशे ओहम. दोनशे तीस भागिले दीडशे, म्हणजे एक पूर्णांक त्रेपन्न अँपिअर. त्याला परत दोनशे तीसनं गुणलं की तीनशे बावन्न वॉट. दीडशेच्या दुपटीहून जास्त. बहुधा ही गोष्ट आठव्या धड्यात असावी. पण बघा, हिशोब आता तंतोतंत बरोबर आला. जे झालं ते नियमानंच झालं, नियमाबाहेर काहीही झालेलं नाही.
आबेदा परसात खड्डा खणत होती. तिथं जाऊन कागद वाचून दाखवला. म्हटलं, करंट वाढला, एवढंच. तिनं अंड्यांची पाटी खड्ड्यात पालथी केली आणि खाली बोट दाखवून म्हणाली, मला काय सांगता? त्यांना सांगा.
मनःस्थिती ठीक नाही तिची. समजून घेतलं.

२३ फेब्रुवारी
आबेदा दोन वाक्यं बोलली. पहिलं, वाडीवर जाऊन तानुबाईला सांगून या. दुसरं, मला तोंड दाखवायला जमणार नाही, तुम्हीच जा.
उद्या जातो. कामाला विलंब हा माझा स्वभाव नाही.

२४ फेब्रुवारी
निघालो होतो. चपलेचा अंगठा तुटला. चांभार घरी नव्हता.

२५ फेब्रुवारी
फार ऊन.

२६ फेब्रुवारी
ओढ्यापर्यंत गेलो. तिथं बसून विचार केला की वाईट बातमीबरोबर उपायही न्यावा, नुसती बातमी नेणं हे सामान्य माणसाचं काम. उपाय अजून तयार नाही. परत आलो. आबेदानं विचारलं, सांगितलं का? मी म्हणालो, झालं.
'झालं' म्हणजे विचार पक्का झाला, या अर्थानं. काय म्हणाली तानुबाई, असं तिनं विचारलं. म्हटलं, काय म्हणणार बिचारी. हेही खोटं नाही.

२८ फेब्रुवारी
उद्या एकविसावा दिवस. उद्या पहाटे नक्की जाणार. कपडे काढून ठेवले.

१ मार्च
जाण्याची गरज पडली नाही. वाडीच खाली आली.
सकाळी परसाकडेला निघालो तर वाटेवर आवाज. तानुबाई, तिची शेजारीण सखू आणि वाडीतल्या पाच-सात बायका. सगळ्यांच्या डोक्यावर रिकामी डालगी, नवी साडी नेसल्यासारख्या हसत येत होत्या. मी तसाच संडासात गेलो आणि पत्र्याचं दार ओढून घेतलं. हा पळ नव्हे, आधीच निघालो होतो.
आतून सगळं ऐकू आलं. तानुबाई म्हणत होती, उघड की भाबी कपाट! समद्या आल्यात पिल्लं बगाया.  आबेदा म्हणाली, ह्यांनी सांगितलं न्हाई का तुमाला? कोन ह्यांनी, तानुबाई म्हणाली, कोनी न्हाई आलं वर.
मग आबेदानं सांगितलं. अगदी थोडक्यात. माझा हिशोब सांगितला नाही, नुसतं म्हणाली, शिजली सगळी.
एक डालगं खाली आपटल्याचा आवाज आला. मग सखू म्हणाली, माजी तर एकच कोंबडी हुती गं. ती बी मुंगसानं नेली परवा. म्हनलं जाऊ दे, पिल्लं येत्याल. कुणीतरी विचारलं, तुज्या खुडूक कुटं हायेत, त्याच दे एकांदी. आबेदा म्हणाली, कापल्या. कोनी? त्यावर नुसतं कपाटाचं दार वाजलं. तानुबाई म्हणाली, सांगावा तरी धाडायचा भाबी. डोंगूर उतरून नाचत आलो न्हवं आमी.
तुजा न्हवरा कुटं हाय, असं कुणीतरी जोरात विचारलं. आबेदा म्हणाली, कामाला गेलेत. बघा! अडचणीच्या वेळी बायको नवऱ्याची बाजू सांभाळतेच.
त्या गेल्या. जाताना एकीनंही तिला 'येतो' म्हटलं नाही. नंतर पावलं संडासाकडे आली, थांबली, आणि बाहेरून कडी लागली. वाऱ्यानं लागली असावी. मी हाक मारली नाही, शेजारीपाजारी काय म्हणतील. दुपारी उशिरा नथूनं दार उघडलं. हसला नाही, पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या पौडला कळलं, तेव्हा कुणीतरी हसलंच असणार.

६ मार्च
नवी कल्पना. पाण्याशिवाय अंडी उकडण्याचं यंत्र. आपलं कपाट या कामी अगोदरच सिद्ध झालं आहे. फक्त ताजी अंडी हवीत. आबेदाला बोललो. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण ऐकलं की नाही कळेना.
वाडीवरून आता अंडी येत नाहीत. तानुबाई बाजारात दिसली, तोंड फिरवून दुसऱ्या गल्लीत गेली. वास्तविक मीच तोंड फिरवणार होतो.

१३ मार्च
घरात शांतता आहे. आबेदा स्वयंपाक करते, वाढते, झाकून ठेवते, झोपते. भांडण नाही, प्रश्न नाहीत. इतकी वर्षं मी हीच शांतता मागत होतो.
पाटी कुणीतरी खोडून 'ताजुद्दीन आतार, अंडी उकडून मिळतील' असं लिहिलं आहे. हस्ताक्षर ओळखीचं वाटलं नाही. पुसायला गेलो तर रंग पक्का निघाला. मत्सर.

२० मार्च
आबेदानं स्वतःहून कामाला जायचं ठरवलं आहे. उरवड्याच्या बाजूला नवा कारखाना झालाय, पॅकिंगला बायका घेतायत. म्हणजे कल्पना माझीच म्हणायची, कारण घरात मी नेहमी म्हणतो की माणसानं काहीतरी करत राहावं. मी बरोबर येतो म्हणालो, ओळख काढतो. ती म्हणाली, नको. एवढंच. चालत पिरंगुट रस्त्याला लागली.
संध्याकाळी आली. मिळालं काम. पहिल्याच दिवशी! मी विचारलं, काय काय विचारलं त्यांनी? म्हणाली, घरी कोण कोण आहे, ते. बस? बस. एवढ्या किरकोळ मुलाखतीवर माणसं घेतात, म्हणून आपल्या देशात उत्पादन खालावतं.

२ एप्रिल
ती पहाटे जाते, दिवेलागणीला येते. मला डबा झाकून ठेवलेला असतो. बांगड्या काढून ठेवल्यात, मशीनमध्ये अडकत असाव्यात.
मीही कारखान्यात चौकशी करावी का, असा विचार. तिथं इलेक्ट्रिकलला माणूस लागतच असेल. आधी आठवा धडा मागवतो.

१० एप्रिल
आज आबेदा कपाटातली जाळी उपटत होती. मी म्हटलं, ठेव, पुढे लागेल. तिनं सगळ्या फळ्या साबणानं घासून उन्हात लावल्या. संध्याकाळी माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं. कपाटात तिचे कपडे परत गेले. माझे दोन सदरे होते त्यात, ते खुंटीवर.
कॉइल मी जपून ठेवली आहे.

१९ एप्रिल
संसारात चढउतार येतात. बायकोच्या मनातला राग काढायचा तर नवऱ्यानंच एक पाऊल पुढे टाकलं पाहिजे. ठरवलं आहे, काहीतरी मोठं करायचं. शब्दांनी नाही, कृतीनं.

२२ एप्रिल
संधी आली. आबेदा घाईत डबा विसरून गेली. मी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, एसटीनं पिरंगुटला उतरलो, तिथून उरवड्याचा रस्ता उन्हात पायी. मनात जुळवणी चालू होती. सगळ्यांसमोर डबा देईन, ती चपापेल, मग बाकीच्या बायका विचारतील, हे कोण गं? जरा वेळ थांबून कारखान्याचं वायरिंगही बघून घेईन.
गेटवर म्हातारा वॉचमन. म्हटलं, पॅकिंगच्या आबेदा आतारांचा डबा आहे. तो लगेच उठला. म्हणाला, द्या, द्या. लई चांगली बाई. वाईट वेळ आली बगा तिच्यावर. मी विचारलं, कसली? तो म्हणाला, मालक गेला न्हवं तिचा. करंट लागून.
मी म्हणालो, कोणी सांगितलं? म्हणाला, तिनंच, भरतीच्या येळंला सायबांपुढं. कपाटात कसलं तरी यंतर करत हुता म्हनं. चिकाटला त्येला. सायबांनी मग दुसरं काय न्हाई इचारलं, तवाच घेतली.
 मी म्हणालो, हे शक्य नाही. त्या कपाटात दीडशे ओहमची कॉइल होती. करंट जेमतेम दीड अँपिअर, तोही कॉइलमधून जातो, माणसातून नाही, वर सागाचं लाकूड. माणूस मरायचा प्रश्नच येत नाही, हिशोब करून दाखवतो. खिशातून पेन्सिल काढली.
तो म्हणाला, आता मानूस गेलाच हाय, तर हिशोब कशाला काढता?
पेन्सिल परत ठेवली.
आतून भोंगा झाला. त्यानं डबा घेतला, झाकण नीट बसवलं आणि माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघून विचारलं, तुमी कोन तिचे?
मी म्हणालो, शेजारी.
तो म्हणाला, चला, शेजार तरी चांगला मिळाला बिचारीला.